त्रेसष्टावा दगड

सत्तेचाळिसाव्या फॉर्मवरही दगडच निघाला, तेव्हा बशीत ठेवायचा कप मी फॉर्मवर ठेवला. मुद्दाम नाही. म्हणजे मुद्दामच, पण ते हातानं केलं, माझं त्यात काही नव्हतं. चहाचा गोल डाग उमटला आणि त्याच्या बरोबर मधे निळ्या शाईतलं 'दगड' असं काही बसलं की वाटावं, सरकारी शिक्का आहे. स्टाफरूममध्ये त्या वेळी मी एकटाच होतो. पंखा फिरत होता, फळ्यावर कुणीतरी लिहिलेली 'कपाट नीट बंद करा' ही सूचना होती, आणि समोर एकशे अठरा फॉर्म. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी भरलेले. प्रश्न एकच: 'पहिल्या वर्षी शिकलेली कोणती एक गोष्ट तुम्हाला तुमच्या मुख्य विषयात कामाला आली?' आमच्याकडे पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखं असतं. पुढं कुणी नर्स होवो, कुणी वकील, कुणी इमारती बांधो, आधी वर्षभर सगळ्यांनी थोडं गणित, थोडी भाषा, थोडं भूशास्त्र असं ताटात वाढलेलं सगळं संपवायचं. मी त्यातलं गणित. एकतीस वर्षं. आता प्राचार्य बाईंच्या डोक्यात आलंय की पहिल्या वर्षातला एक विषय ऐच्छिक करायचा, आणि आमच्या कॉलेजात ऐच्छिक म्हणजे काय, तर मास्तर, फळा आणि पंखा. चौथं कुणी नसतं. कुठला विषय, ते हे फॉर्म ठरवणार. आणि मोजदाद कुणाकडं? "सर, तुम्ही गणिताचे, तुमच्याशिवाय कोण करणार?" बाई म्हणाल्या. बकऱ्याला म्हणावं तूच सुरी धुऊन ठेव, तुझं पाण्याशी बरं जमतं.

दगड म्हणजे भूशास्त्रवाला. मुलं त्याला दगडोबा म्हणतात, आणि ते लाडानं. मला आधीमोजा म्हणतात. मी वर्गात 'आधी मोजा, मग बोला' असं म्हणतो म्हणून. दिवसातून दोनदा म्हणत असेन. मुलं म्हणतात चाळीसदा. त्यांनी मोजलेलं नाही. तर हा दगडोबा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस असे की कंगव्याशी त्यांची ओळखच झालेली नाही. वर्षभरात तो काय शिकवतो देव जाणे, पण सगळं कॉलेज ओळखतं ते त्याच्या एका धड्यासाठी. पहिल्या सत्रात तो प्रत्येक पोराला एकेक दगड देतो. साधा, करडा, मुठीत मावेल असा. आठवडाभर जवळ ठेवायचा. झोपताना उशाशी, जेवताना ताटाशेजारी. मग शुक्रवारी सगळ्यांनी ते दगड एका घमेल्यात टाकायचे, दोन दिवस त्याच्याशिवाय राहायचं, आणि सोमवारी डोळे मिटून त्या ढिगातून आपला शोधायचा. बस. एवढाच धडा. याला पगार मिळतो.

आणि त्यावर पोरांनी काय लिहावं! नर्सिंगची मुलगी लिहिते: शीर शोधताना आधी बोटं बघतात, डोळे नंतर, हे मला दगडानं शिकवलं. वकिलीचा मुलगा: साक्षीदार 'हाच तो' म्हणाला की मी मनात विचारतो, डोळे मिटून सांगशील का? भाषांतर शिकणारी कुणी: दोन शब्द सारखे दिसले तरी हातात घेऊन बघावे. मी वाचत होतो आणि माझ्या कानाच्या पाळ्या गरम होत होत्या. एकशे अठरातले एकाहत्तर दगड. वीस भाषा. चौदा जणांना ग्रंथालयात पुस्तक कसं शोधायचं ते कामाला आलं. दहा जणांना काहीच आलं नाही. त्यांचा मला त्या क्षणी केवढा आधार वाटला. आणि गणित, तीन. तीनसुद्धा कसे, तर पहिला: 'गणिताच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो. ड्युटीवर उपयोग होतो.' दुसरा: 'गणिताच्या सरांमुळं वेळेत कळलं की गणित हा माझा विषय नाही.' आणि तिसरा, ज्याच्यावर माझी मोजदाद अर्धा तास अडून बसली: 'गणिताच्या वर्गाची खिडकी. तिथून दगडांचा तास दिसायचा.' हे मत कुणाचं? खिडकी माझ्या वर्गाची. दिसत होता तो. पण खिडकी नसती तर दिसला असता का? मी गणितात एक रेघ ओढली, खोडली, पुन्हा ओढली. एकतीस वर्षांत मी फळ्यावर एवढी खाडाखोड केली नव्हती.

हे जळणं माझ्या ओळखीचं आहे. नवं असतं तर घाबरलो असतो. लहानपणी आमच्या घरी एक हुशार होता आणि एक कष्टाळू. वाटणी आत्यानं केली होती. ती आली की दादा तिला शाळेतली गोष्ट सांगायचा, अशी की आत्या पदरात तोंड लपवून हसायची. आणि त्या वेळी आत मी दादाची गणितं सोडवत बसलेला असायचो, त्याच्याच वहीत, त्याच्यासारखं अक्षर काढून. मग वही बघून आत्या म्हणायची, "बघा, गोष्टीही सांगतो आणि गणितंही सुटतात! हा हुशार हो. आणि हा आपला..." इथं ती माझ्याकडं बघायची, शब्द शोधायची, "कष्टाळू." अजून कुणी मला कष्टाळू म्हटलं की वाटतं, पाठीवर हात फिरवून कुणी मागून टपली मारली. दादाचा कधी राग आला नाही. तो वाईट असता तर बरं झालं असतं. तो मला स्वतःच्या वाटणीचं अर्धं द्यायचा, आणि ते घेताना मला वाटायचं, याच्याकडं द्यायलाही आहे. दगडोबाचंही तसंच. वाईट नाही. जिन्यात भेटला की म्हणतो, "सर, तुमच्यासारखं फळ्यावर सरळ लिहायला मला या जन्मी जमायचं नाही." खरंच म्हणतो. एकतीस वर्षांतून माणसाला निवडायला काय सापडलं? सरळ ओळी.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी कॉलेज रिकामं झाल्यावर मी त्याच्या वर्गावरून गेलो. जिना दुसऱ्या बाजूला आहे. तरी त्याच वर्गावरून गेलो. दार उघडं, खिडकीखाली घमेलं, वर फडकं. फडकं उचललं. दगड. करडे, एकमेकांसारखे, जवळजवळ बावळट दिसणारे. यावर एकाहत्तर मतं! मी हात घातला. थंड होते. एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. तिसरा हातात बसला. म्हणजे खरंच बसला, एका कडेला एक उथळ खळगा होता आणि माझा अंगठा न विचारता त्यात जाऊन पडला. मनात हिशेब असा: हा ढीग म्हणजे ह्याचा साठा असणार, जास्तीचे. एक दगड घरी नेऊ, दोन दिवस बघू, आणि सिद्ध करू की ही सगळी फसवाफसवी आहे, कुणीही कुठलाही दगड ओळखतो, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. बाईंना मोजदादीबरोबर एक छोटी टीप देता येईल. मी दगड पँटच्या खिशात टाकला. एकतीस वर्षं 'आधी मोजा' म्हणणारा माणूस, पण घमेल्यात किती दगड आहेत, एवढं मोजायचं मला सुचलं नाही.

घरी जाईपर्यंत खिसा फाटला होता. बायको घरी कपडे दुरुस्तीचं काम करते, बटणं, चेनी, उसवलेल्या शिवणी. तिच्या नजरेतून धागा सुटत नाही, खिशाची काय कथा. तिनं पँट हातात घेतली, खिशातून बोट बाहेर काढून मला दाखवलं आणि म्हणाली, "अहो, हे काय? किल्ल्या एवढ्या जड कधीपासून झाल्या?" मी दगड टेबलावर ठेवला. तिनं बघितला. मग मला बघितलं. "या वयात माणसं फुलझाडं लावतात." "कामाचा आहे," मी म्हणालो. "भूशास्त्राचा आहे." "त्या दगडवाल्यांचा? ते पोरांना हसत हसत शिकवतात ते?" "तुला कुणी सांगितलं हसत हसत?" "अहो, तुम्हीच. रोज सांगता." मी रोज सांगतो हे मला माहीत नव्हतं. तिनं सुईत दोरा ओवला आणि खिशाला आतून दुहेरी कापड लावलं, काही न विचारता. ती न विचारता काही करते तेव्हा मला फार विचारल्यासारखं वाटतं.

रविवारी मी प्रयोग केला. करायचा तर नीट करावा म्हणून दगडासारख्या बऱ्याच वस्तू हव्या होत्या. घरात दगड नव्हते. बटाटे होते. टोपलीतल्या बटाट्यांत तो मिसळला, डोळे मिटले, हात घातला आणि पहिल्या झटक्यात ओळखला. क्षणभर विलक्षण आनंद झाला. मग लक्षात आलं की बटाट्यांतून दगड ओळखणं याला पुरावा म्हणत नाहीत. पुन्हा मिसळला, या वेळी हातात मोजा घालून. तेवढ्यात फोन वाजला. तोच होता. "सर, रविवारी त्रास देतो. उद्या माझ्या दगडांच्या तासाला याल का? पोरं तुमच्या खिडकीतून आमच्याकडं बघतात, म्हटलं एकदा तुम्हीच या, खिडकीचा खर्च वाचेल." आणि हसला. मीही हसलो. फोनवर हसताना हातात मोजा असला की फार विचित्र वाटतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवे लागले. त्याला कळलं असेल? नाही, कळलं असतं तर असा मोकळा हसला नसता. का कळूनच हसत होता? दादाही असाच हसायचा, वहीतली गणितं तू सोडवलीस हे आज आत्याला सांगू का, असं मला विचारताना. कधी सांगितलं नाही. मीच नको म्हणायचो. का नको म्हणायचो, ते फोन ठेवल्यावर बाल्कनीत उभं राहून आठवत बसलो, किती वेळ कोण जाणे. मला वाटतं, मला ते दादानं सांगायला नको होतं. आत्यानं आपणहून ओळखायला हवं होतं. डोळे मिटून.

आत आलो तर स्वयंपाकघरात बायको कुकरसमोर कमरेवर हात ठेवून. "काय बटाटे आणलेत हो तुम्ही? पाच शिट्ट्या झाल्या, सगळे शिजले, एक मेला दाद देत नाही." सुरी तिनं त्यात खुपसून बघितली होती. सुरीचं टोक वाकलं होतं. मी चिमट्यानं तो बाहेर काढला. वाफ येत होती. तिनं सुरी बघितली, दगड बघितला, माझ्या हातातला मोजा बघितला, आणि खुर्चीवर बसून जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "शिजला का?" ती विचारत होती, "मीठ कमी नाही ना?" मी दगड तीनदा साबणानं धुतला. हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "परत देऊन या तो. कुणाचा तरी असेल." "कुणाचा असणार? दगड आहे." "मग तुम्ही का एवढा जपताय?"

सोमवारी मी लवकर गेलो. तास सुरू व्हायच्या आत घमेल्यात टाकायचा आणि फोनवर ठरल्याप्रमाणं सभ्यपणे मागं बसायचं, असा बेत. पण माझं घोडं नेमकं अशा वेळी पेंड खातं. तो माझ्याआधी आलेला, बाह्या दुमडून, पहिल्या वर्षाच्या एका तुकडीची पोरं जमिनीवर गोल करून बसलेली, मधे घमेलं. "या, या सर!" मी दारातच थांबलो. खुर्ची दिली, बसलो नाही. खिशात दगड, दुहेरी कापडात. एकेक पोर उठत होतं, डोळे मिटत होतं, ढिगात हात घालत होतं. सापडला की आठवड्याआधी काढलेल्या चित्राशी ताडून बघायचा आणि परत ढिगात टाकायचा, म्हणजे पुढच्याला काम सोपं होत नाही. आणि सापडत होते. ते मला बघवत नव्हतं. एक दांडगा मुलगा, जो माझ्या तासाला बेरजेतही चुकतो, त्यानं दहा-बारा दगड चाचपले, बाजूला सारले, आणि एका दगडावर त्याचा चेहरा असा उजळला की जत्रेत हरवलेलं भावंड सापडावं. माझ्या तासाला एकतीस वर्षांत असा चेहरा झाला असेल का कुणाचा? झाला असेल तर मी फळ्याकडं तोंड करून असणार. सरळ ओळी लिहीत.

मग एक मुलगी उठली. बारकीशी, चष्मेवाली, माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते, कधी तोंड उघडत नाही. तिनं चष्मा काढून शेजारणीकडं दिला, डोळे मिटले, हात घातला. एकेक दगड घ्यायची, अंगठा फिरवायची, ठेवायची. अंगठा. माझा हात खिशावर गेला. तिनं सगळा ढीग तपासला. पुन्हा पहिल्यापासून तपासला. डोळे उघडले. "सर, माझा यात नाहीये."

वर्ग हसला. "अगं घे कुठलाही!" "नीट बघ ना!" दगडोबा हसला नाही. म्हणाला, "घाई नाही. सापडत नसेल तर नाही म्हण, त्यात कमीपणा नाही. मार्क कापत नाही मी."

"सापडत नाहीये असं नाही, सर. तो नाहीये."

"शुक्रवारी टाकलाच नसशील!" तो दांडगा म्हणाला. "घरी विसरली आणि आता नाटक." दोन-चार जणांनी री ओढली. तिचं नाक लाल झालं. "मी टाकला होता. मी खोटं नाही बोलत." "मग गेला कुठं, पाय फुटले?" ती दगडोबाकडं बघत होती, आणि तो, पहिल्यांदाच, काय बोलावं या विचारात केसांतून हात फिरवत होता. त्याच्या चेहऱ्यावर शंका होती. तिच्याबद्दल. मला ती दिसली आणि, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. याचाही धडा कुठंतरी अडतो तर.

मग त्या मुलीनं चष्मा घातला, फतकल मारून खाली बसली आणि घमेलं जमिनीवर उपडं केलं. दहा दहाच्या ओळी लावायला लागली. कुणीतरी कण्हल्यासारखं ओरडलं, "अरे देवा, आधीमोजा!" पुन्हा हशा. ती थांबली नाही. सहा ओळी आणि वर दोन. "बासष्ट," ती म्हणाली. "आपण त्रेसष्ट आहोत. आज सगळे हजर आहेत, मी हजेरीपासून मोजलंय. शुक्रवारी टाकताना पण मोजले होते. तेव्हा त्रेसष्ट होते." आणि मग तिनं बोट वर केलं, माझ्यासारखं, थेट माझ्यासारखं, मनगटातून जरासं वाकवून, आणि त्या दांडग्याला म्हणाली, "आधी मोजा, मग बोला."

त्या क्षणी माझं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण नंतर मला लोकांनी प्रामाणिक वगैरे म्हटलं. प्रामाणिकपणा त्यात कणभर नव्हता. माझ्या आत कुणीतरी टुणकन उडी मारली. माझा विषय! त्याच्या तासाला, त्याच्या ढिगावर, त्याला स्वतःला जे सुचलं नाही ते माझ्या वर्गातल्या तिसऱ्या बाकाला सुचलं! हे सगळ्यांना सांगायलाच हवं होतं, ताबडतोब. "बरोबर मोजलंय तिनं!" मी दारातून ओरडलो. "माझी विद्यार्थिनी आहे!"

सगळे वळले. दगडोबा म्हणाला, "बासष्ट आहेत ते बरोबर, सर. पण शुक्रवारी त्रेसष्ट होते हे कसं म्हणणार? तो तिचा एकटीचा शब्द झाला." ती मुलगी माझ्याकडं बघत होती. आता ती जिंकली नाही तर मी जिंकत नव्हतो. आणि तिनं जिंकावं याला एकच रस्ता होता, तो दुहेरी कापडातून जात होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खिशात हात घातला. "त्रेसष्टच होते," मी म्हणालो आणि हात पुढं केला.

तिनं उठून तो घेतला. डोळे मिटले. तिचा अंगठा त्या खळग्यात गेला. मी बघत होतो, आणि मला तो माझ्या हातातून गेल्यासारखा नाही, माझ्या जागेवर दुसरं कुणी जाऊन बसल्यासारखं वाटलं. "हाच," ती म्हणाली. मग नाकाजवळ नेला. "सर, याला बटाट्याचा वास का येतोय?"

वर्ग फुटला. दगडोबा सगळ्यात आधी, गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे पुसत. कसं झालं, का नेला, यातलं त्यानं काहीच विचारलं नाही. मी जे बोलायला तोंड उघडत होतो ते सुरू व्हायच्या आत तो पोरांकडं वळून म्हणाला, "वहीत लिहा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा दगड गणितानं सापडला. सरांसाठी टाळ्या." आणि वाजल्या, दणकून. त्या दांडग्यानं त्या मुलीला 'सॉरी' म्हटलं. ती हसली, आणि दगड मुठीत घट्ट धरून म्हणाली, "थँक्यू सर." दगडोबाकडं बघून.

माझा विजयसुद्धा त्यानंच जाहीर केला. द्यायला त्याच्याकडं तेही निघालं.

दुपारी स्टाफरूममध्ये बसून मोजदादीचा कागद पूर्ण केला. बाई दोनदा डोकावून गेल्या. टीप लिहायची जागा रिकामी होती. सकाळचा प्रसंग तिथं चार ओळींत छान बसला असता, गणिताच्या उपयोगाचा त्याहून चांगला पुरावा पृथ्वीवर नव्हता. लिहायला घेतलं. 'पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं' इथपर्यंत आलो. मग ते कुणाच्या तासाला घडलं ते लिहावं लागलं असतं, आणि दगड कुणाकडं होता तेही. वाक्य खोडलं. फॉर्म शेवटच्या वर्षाचे होते. ती पहिल्या वर्षाची. ती मोजदादीत येतच नव्हती. आधी मोजा. मी खिडकीचा फॉर्म पुन्हा काढला, वाचला, आणि गणितातली ती तिसरी रेघ खोडून दगडात घातली. दगड बहात्तर. गणित दोन. त्यातला एक झोपेचा. ओळी मात्र सरळ आल्या होत्या.

कागद बाईंच्या टेबलावर ठेवून जिना उतरताना हात खिशात गेला. दुहेरी कापड, नवं, जाड, रिकामं. अंगठा आपोआप वाकला आणि खळगा शोधत राहिला.